गळकं गाव

माझं काम सोपं होतं. घरोघरी जायचं, अंगणातून हाक मारायची आणि कपाटाची तब्येत विचारायची.

माणसांची विचारायला बंदी नव्हती, पण त्याला गुण नव्हते. ‘स्थाणू काष्ठनिधी’ या कंपनीची मी सडेकोंड गावाची संवर्धक. कपाट उभं आहे ना, कोरडं आहे ना आणि वापरात आहे ना, एवढं बघायचं. तिसरी अट सगळ्यात कठीण. गावात माणसं कमी, माणसांकडे कपडे कमी आणि कपाटं मात्र दाराबाहेर ओसंडून चाललेली. त्यामुळे कपाट वापरात दिसावं म्हणून लोक हाताला लागेल ते आत ठेवत. एका कपाटात एकच नारळ. एकात खुडूक कोंबडी. नितेश भुवडांच्या घरी मी एक दार उघडलं, तर आत खुर्ची टाकून त्यांचे वडील मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेले.

“लाव गो दार,” ते म्हणाले, “उजेड येतो.”

मी ‘वापरात’ असं नोंदवलं. खोटं तर काही नव्हतं.

गावात सगळ्यात जास्त कपाटं माझ्या आत्याकडे होती. मोनाली रहाटे, एसटीतली निवृत्त कंडक्टर. माझे आईबाबा मस्कतला, त्यामुळे मी हिच्याच हाताखाली वाढले. लहानपणी तिला सगळ्या भावंडांत मिळून एक ट्रंक होती, पुढे नोकरीत तिकिटांची एक चेपलेली पत्र्याची पेटी. आपलं म्हणून बंद करता येईल असं दार तिला आयुष्यात पहिल्यांदा कपाटाचंच मिळालं. मग ती थांबेचना. साड्यांना एक, नुसत्या खाकी युनिफॉर्मला एक, पापडांना एक आणि ‘अजून ठरलेलं नाही’ अशा वस्तूंना एक. घरात चालायचं तर अंग चोरून चालावं लागे. कोणी अडखळलं की ती आतून ओरडायची, “पुढे सरका, मागे जागा आहे.” जागा पुढेही नव्हती आणि मागेही.

प्रत्येक कपाटाच्या पाठीत नखाएवढी एक चकती बसवलेली असे. तिचं नाव ‘कानोसा’. लाकूड ओल धरून किंचित फुगतं, वाळून आकसतं. त्या हालचालीवरच ती चालायची. आपण कुठे आहोत, कसे आहोत, हे ती रोज उपग्रहाला कळवायची आणि तेच प्रेमळ भाषेत मालकाच्या फोनवर पाठवायची. ‘तुमच्या कपाटाला आज तुमची आठवण आली.’ पावसाळ्यात सगळ्या गावाच्या फोनवर एकच निरोप: ‘मला थोडं सर्दीसारखं वाटतंय.’ आत्या उठून कपाट कोरड्या फडक्याने पुसायची. मला ताप आला तेव्हा तिने नुसतं एवढंच विचारलं होतं, “शाळेत जाशील ना?”

आता यामागचं शास्त्र. ते खरं होतं, म्हणून तर पंचाईत झाली.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्यातला कार्बन अंगात मुरवतं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं. लाकूड कुजलं, वाळवीने खाल्लं की जळलं, की तो कार्बन परत हवेत. पण त्याच लाकडाचं कपाट केलं तर कपाट टिकेल तोवर कार्बन आत कोंडलेला. कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. एका जिवाणूपासून केलेली राळ त्यांनी लाकडाच्या पेशींच्या भिंतींत मुरवली. या लाकडाला वाळवी तोंड लावत नाही, बुरशी धरत नाही, पेटवलं तर वरून काळं पडतं आणि आग आत जात नाही. कोकणातला पावसाळा ज्याचं काही बिघडवू शकत नाही अशी पहिलीच वस्तू. आम्हाला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

म्हणजे जुनं झाड तोडा, कपाट करा, मोकळ्या जागी नवं झाड लावा. जुना कार्बन दोनशे वर्षं कपाटात, नवं झाड नवा ओढणार. कोंडलेल्या कार्बनचे गुण कंपनीला मिळत. ते घेऊन कुठले तरी सिमेंटवाले आणि विमानवाले तेवढा धूर बिनघोर सोडत. गोदामात रचलेल्या लाकडाला निम्मेच गुण, कारण तो नुसता साठा. घरात वापरात असलेल्या लाकडाला पूर्ण गुण. म्हणून कपाटं फुकट वाटली.

गावाने ती घेण्याआधी रीतसर देवाला कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. संकेत गुरवाने विचारलं, “देवा, कपाटं घेऊ का?” उजवी पडली. देवालाही दोन मिळाली. पलीकडच्या पाटगावाने घेतली त्यापेक्षा जास्त घ्यायची, हे मात्र देवाला न विचारताच ठरलं.

फाल्गुन लागला आणि कंपनीचे विभागप्रमुख ईशान मोहिते गावात आले. अत्यंत सभ्य माणूस. कानोसाचे निरोप त्यांनीच लिहिले असावेत असं बोलायचे. देवळापुढच्या मैदानात सभा भरली. साहेबांनी सांगितलं, की कपाटं सांभाळण्यात सडेकोंड जिल्ह्यात पहिलं आलं आहे. टाळ्या. पाटगाव दुसरं आहे. जास्त टाळ्या.

“आणि म्हणून,” साहेब म्हणाले, “पुढची तोड आपल्याच शिवारात मंजूर झाली आहे. जे गाव जितकं भरवशाचं, तितकं लाकूड त्याच्याच रानातून. जवळचं लाकूड जवळच राहिलं की वाहतुकीचा धूरही वाचतो. हे आपल्या करारात आहेच.”

करार फोनवर होता. सगळ्यांनी अंगठा लावला होता, तोही एकाच दुपारी, कपाटांचा ट्रक दारात उभा असताना.

“कुठली तोड?” संकेत गुरवाने विचारलं.

“वरच्या राईतली.”

वरची राई म्हणजे गावाच्या डोक्यावरचं रान. बेहडे, ऐन, किंजळ, रानआंबे. ती कुणा एकाची नाही, गावकीची आहे. तिच्या पायथ्याच्या झऱ्यावर गाव मे महिना काढतं. मधल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी दरवर्षी जाऊन बसते आणि चिखल-विष्ठेने आतून दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर बाहेरून फळं आणून फटीतून भरवतो. शिमग्याच्या दिवसांत ती आतच असते.

“ती झाडं तशी निवृत्त आहेत,” साहेब समजावून म्हणाले. “त्यांची वाढ थांबलेली आहे. नवीन कार्बन ती फारसा ओढत नाहीत.”

आत्या पहिल्या रांगेत चहा घेत होती. “निवृत्त झाली की तोडायची?”

“तसं नाही हो, मावशी—”

“आत्या. मीपण निवृत्त आहे. माझं काय करणार, स्टूल?”

सभा हसली. साहेबही हसले. मग म्हणाले, की होळी झाली की लगेच यंत्रं येतील. त्यावर कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर आत्या माझ्याशी बोलेना. दोन कपाटांच्या मधल्या फटीत उभी राहून तांदूळ निवडत होती. बसायला जागा नव्हती हेही एक कारण.

“तुझा साहेब,” ती शेवटी म्हणाली.

“मलाही सभेतच कळलं, आत्या. तुला कळलं तेव्हाच.”

“आणि तो सांगतो तेवढा कार्बन वाचतो तरी का?”

“नाही. झाडाचं कपाट होतं ते खोडाच्या मधल्या भागाचं. फांद्या, साल, भुसा, मुळं हे सगळं कुजतं नाही तर जळतं. अर्ध्याहून जास्त झाड असंच जातं. वरची सावली गेली की मातीतला कार्बनही सुटायला लागतो. लावलेलं रोप ते भरून काढेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल. आणि वाढ थांबली म्हणतो ते तर साफ खोटं. त्या बेहड्याने घेर नखभर वाढवला तरी त्यात एका रोपाचं अख्खं बालपण मावतं. पण कंपनीचा हिशोब लाकूड गिरणीच्या दारात पोचल्यावर सुरू होतो. डोंगरावर जे झालं ते त्यांच्या लेखी झालंच नाही.”

आत्याने सूप खाली ठेवलं. “म्हणजे अर्धे प्रवासी टपावरून पडले, आणि हा आत बसलेले मोजून म्हणतो, गाडी फुल्ल.”

“बरोबर.”

“कपाटं परत दे त्याला. सगळी.”

“परत घेतली तर ती दुसऱ्या गावात जातील. आपले गुण तसेच राहतात. ते जातात फक्त हानीमुळे.”

“हानी म्हणजे?”

“मोडली, हरवली, चोरीला गेली. एका गावात हानी मर्यादेबाहेर गेली की यंत्रणा आपणहून त्या गावाला ‘गळकं’ ठरवते. गळक्या गावच्या लाकडाचे गुण कोणी विकत घेत नाही, म्हणून तिथली तोड बंद. त्यात मोहितेंचं काही चालत नाही, त्यांच्या वरच्यांचंही नाही.”

“मोडता येतात?”

“तू मोडून बघ.”

आत्याने पापडांच्या कपाटाला लाथ घातली. कपाटाला काही झालं नाही. तिच्या फोनवर निरोप आला: ‘तुम्ही माझ्या जवळ आहात. छान वाटतंय.’

ती पाय धरून बराच वेळ उभी राहिली. मग साड्यांच्या कपाटाचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. “चोरी,” ती म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.

शिमग्याची चोरी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. होळीसाठी गाव एकच झाड तोडतं, कौल लावून, आणि ते नाचवत मैदानात आणतं. बाकीचं लाकूड शेजाऱ्याचं चोरून आणायचं. मोडकी शिडी, गोठ्याचं दार, ज्यावर मालक बसलेला नाही असा बाक. एकदा का लाकूड होळीच्या रिंगणात गेलं की ते देवाचं. मालकाने ते परत मागायचं नाही. त्याने फक्त होम पेटल्यावर चोराचं नाव घेऊन बोंब मारायची. ती मारली की हिशोब फिटला. स्वतःच्या घरातलं लाकूड स्वतः नेऊन टाकणं याला आमच्यात चोरी म्हणत नाहीत, दान म्हणतात, आणि शिमग्यात दान करणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. कपाटं आल्यापासून ही चोरी बंद पडली होती. घराबाहेर चोरण्यासारखं लाकूडच उरलं नव्हतं. होतं ते घरात आणि घरातलं उपग्रहाला बांधलेलं.

अडचण अशी, की चोरी सांगून करून घेता येत नाही. आत्याच्या कपाटांच्या सगळ्यात जवळ राहणारा माणूस म्हणजे नितेश भुवड. आत्या नोकरीत असताना एकदा नितेशदादा बोकड घेऊन तिच्या गाडीत चढले होते. आत्याने बोकडाचं तिकीट मागितलं. ते भर घाटात उतरले, बोकड घेऊन चालत घरी आले आणि तेव्हापासून तिच्याशी बोलले नव्हते. बोकड कधीच गेला. अबोला धडधाकट होता.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या परसात गेली आणि फणसाच्या झाडाशी मोठ्याने बोलू लागली.

“जेवले की मी झोपणार. मला कसली म्हणून शुद्ध नसते. मागच्या दाराची कडी मोडलीय. कोणी घर उचलून नेलं तरी कळायचं नाही.”

दगडी गडग्याच्या भिंतीपलीकडे नितेशदादा गोठ्यात होते. ते म्हशीला म्हणाले, “कोणाला तरी आज फार झोप आलीय.”

“आलीच आहे,” आत्या फणसाला म्हणाली.

“आमच्या घरचेपण झोपणार,” नितेशदादांनी म्हशीला सांगितलं. “बाबा तेवढे एका कपाटात बसतात. त्यांना आधी उठवावं लागतं.”

“काय गो आत्या, चाललंय काय?” मी विचारलं.

“कुठे काय,” आत्या म्हणाली. “तूपण जेवून झोप.”

“मला दुपारी झोप येत नाही.”

“ड्युटी म्हणून झोप.”

शिमग्यात रात्री सगळं गाव आपापलं लाकूड राखत जागं असतं. म्हणून खरी चोरी दुपारीच होते, हे आमच्याकडे शेंबडं पोर जाणतं. कंपनीला ते माहीत असायचं कारण नव्हतं. करारात रात्रीची राखण होती. दुपारी माणसं काय करतात हा प्रश्न तिथे कुणाला पडला नव्हता.

मी आडवी झाले आणि डोळे मिटले. प्रथम लांबून एक घसटण्याचा आवाज आला. मग जवळून. मग सगळीकडून. फोन थरथरू लागला. गावातल्या प्रत्येक कपाटाचा निरोप मला यायचा. ‘मी हलत आहे.’ ‘मी तिरका आहे, काळजी वाटते.’ ‘मला ऊन लागतंय, मजा येतेय.’ ‘माझ्या आत कुणी तरी आहे आणि ते शिव्या देत आहेत.’ हे नितेशदादांचे वडील असणार.

डोळे किलकिले केले तर आमच्या माजघरात गर्दी. नितेशदादा आणि त्यांचे दोघे पुतणे साड्यांचं कपाट दाराकडे नेत होते. आत्या चटईवर डोळे घट्ट मिटून पडलेली. कपाट चौकटीत अडकलं. चोर थांबले, घाम पुसू लागले. आत्या डोळे न उघडता म्हणाली, “डावीकडून वळव. पुढे घे, पुढे. बस. हं, जाऊ दे.” आणि झोपेत असल्यासारखी कूस बदलली. साड्या तिने आधीच काढून दोरीवर टांगल्या होत्या. कपाट गेलं तशी ती कुशीवरच राहिली आणि डोळे मिटलेले असताना भिंतीलगतची रिकामी जागा हाताने चाचपली. मी बघितलं नाही असं दाखवलं. दुपारच्या झोपेत एवढं चालतं.

नंतर तीच उठली. माझ्या उशाशी एक छोटं कपाट होतं, नेमणुकीच्या दिवशी कंपनीने दिलेलं. आत्याने ते उघडलं, माझी पुस्तकं बाहेर ठेवली आणि ते पाठीवर घेऊन चालू लागली.

“आत्या.”

“झोप. मी चोरतेय.”

आमच्याकडे होम सकाळी पेटतो. उजाडल्यावर मी मैदानात गेले तर मधोमध कौल लावून आणलेलं होळीचं झाड, त्याच्याभोवती पेंढा आणि फाटे, आणि रिंगणात कपाटंच कपाटं. उभी, आडवी, एकमेकांवर टेकलेली. कोंबडीचं कपाट कोंबडीसकट आलं होतं; तिला देवाची म्हणायचं की नाही यावर वाद चालला होता. देवळातली दोन कपाटंही रिंगणात होती. ती कोणी चोरली हे संकेत गुरवाला ठाऊक नव्हतं. त्याच्या खांद्याला मात्र चमक भरली होती.

ईशान मोहिते गाडीतून उतरले. त्यांच्यामागे घाटाच्या तोंडाशी पिवळी यंत्रं येऊन उभी होती. साहेबांनी कपाटांचा ढीग बघितला, मला बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “हे लाकूड जळत नाही, तुम्हाला माहिती आहे ना?”

“माहिती आहे की,” आत्या म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. शिमगा आहे.”

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “ओवी, सोपं आहे. नोंदीत ‘सणासाठी तात्पुरता वापर’ असा पर्याय आहे. तो दाब. संध्याकाळी कपाटं घरी जातील, गुण तसेच राहतील, मी काही बघितलं नाही.”

“ती घरी जाणार नाहीत. होळीत आलेलं परत जात नाही.”

“ही प्रथा झाली. चोरी नव्हे.”

“प्रथा चोरीचीच आहे.”

“चोरी नोंदवायला तक्रारदार लागतो. मालकाने स्वतःच्या आवाजात, चोराचं नाव आणि वस्तू सांगून तक्रार करायची. या गावात कोण कोणाविरुद्ध तक्रार देणार आहे?” मग जमलेल्या लोकांकडे वळून त्यांनी मोठ्याने विचारलं, “कोणाची तक्रार आहे का?”

कोणी बोललं नाही. लोक पायाने माती उकरत राहिले. साहेबांच्या चेहऱ्यावर सभ्यता परत आली.

“आणि एक,” ते मला हळूच म्हणाले. “गाव गळलं तर पहिली तू गळतेस. गळक्या गावाला संवर्धक नसतो. विचार कर.”

“तुम्हीही झाड तोडलंतच की,” साहेबांनी आत्याकडे वळून होळीच्या झाडाकडे बोट दाखवलं.

“एक,” आत्या म्हणाली. “तेही विचारून. आणि नाचवत आणलं. तू आख्खी राई नाचवत आणणार आहेस?”

संकेत गुरवाने तेवढ्यात पेंढ्याला आग लावली.

आता शिमगा ज्याने बघितला नाही त्याला हे सांगावं लागेल. होम पेटला की गप्प राहायची रीत नाही. वर्षभर जे पोटात ठेवलं ते त्या वेळी बाहेर काढायचं, नाव घेऊन, तोंडावर उलटा हात मारत, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं. आधी कोणी बोललं नव्हतं ते एवढ्यासाठीच, की अजून होम पेटला नव्हता.

आत्या पुढे झाली. एसटीच्या घंटीची दोरी ओढावी तसा तिने हवेत दोनदा हात ओढला आणि मग तो तोंडावर मारला.

“नितेश भुवडाने माझं साड्यांचं कपाट चोरलं रे चोरलं! बोंऽऽब!”

मी फोन वर धरला. तक्रारीची खिडकी उघडी ठेवली. क्षणभराने अक्षरं उमटली: ‘मालक: मोनाली रहाटे. वस्तू: कपाट. संशयित: नितेश भुवड. तक्रार मान्य.’

नितेशदादा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी प्रथमच त्यांनी सरळ तिच्याकडे बघितलं.

“मोनाली रहाटेने माझ्या बोकडाचं तिकीट मागितलं रे मागितलं! बोंऽऽब!”

‘वस्तू: बोकड. लाकडी नाही. तक्रार अमान्य.’

“नित्या मेल्या, कपाटाचं बोल,” आत्या म्हणाली.

“थांब. हे आधी होतं,” ते म्हणाले, आणि मग कपाटाचंही बोलले.

त्यानंतर सगळं गाव सुटलं. गुरव भुवडांच्या नावाने, भुवड गुरवांच्या नावाने, सुना सासवांच्या नावाने. नितेशदादांच्या वडिलांनी आपल्याला आतमध्ये असताना चोरल्याची स्वतंत्र बोंब मारली, तीही मान्य झाली. साहेब माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. गावाचे गुण त्यांच्या डोळ्यांसमोर खाली येत होते, बोंबेगणिक एक पायरी. शेवटी ते एका पायरीवर थांबले. मर्यादेच्या अगदी काठावर. मैदान शांत झालं. सगळ्यांच्या तक्रारी संपल्या होत्या.

“तुझं राहिलंय,” आत्या माझ्या कानाशी म्हणाली.

माझं छोटं कपाट समोर रिंगणात होतं, ज्वाळेच्या अगदी जवळ. मी नोकरीबद्दल विचार केला नाही असं नाही. गावात राहून मिळालेली ती पहिली नोकरी होती. दुसरीसाठी मलाही मस्कतला जावं लागलं असतं. घाटाच्या तोंडाशी यंत्रांचे ड्रायव्हर टपावर बसून शिमगा बघत होते. वर राईत धनेशाची मादी आतून दार लिंपून बसलेली. तिला कोणी विचारलं नव्हतं, कपाट घेतेस का.

मी फोन आत्याच्या हातात दिला आणि उलटा हात तोंडावर मारला.

“मोनाली रहाटेने माझं कपाट चोरलं रे चोरलं! बोंऽऽब!”

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. तो समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. लोकांनी त्यालाही साथ दिली.

फोन आत्याच्या हातात थरथरला. सडेकोंड गळकं. तोड स्थगित. खालच्या ओळीत माझ्या सेवेबद्दल आभार.

साहेबांनी पुन्हा एकदा कपाटांच्या ढिगाकडे बघितलं. मग त्यांनी सभ्यपणे विचारलं, “निदान कपाटं तरी कंपनीला परत मिळतील ना?”

“ती देवाची आता,” संकेत म्हणाला. “त्यालाच विचारू या. पायातले बूट काढा.”

त्याने पाकळ्या चिकटवल्या, साहेबांतर्फे प्रश्न विचारला. साहेब हात जोडून उभे राहिले. ओली पाकळी कधी लगेच पडते, कधी दुपार होते. उन्हं डोक्यावर आली तरी साहेब उभेच होते. कोणी तरी त्यांना सरबत दिलं. बाहेर होम विझत आला. पेंढा जळला, फाटे जळले, झाड जळलं. कपाटं जागच्या जागी, पाठीला थोडी काळी. सगळ्या गावाच्या फोनवर एकदमच निरोप आला: ‘छान ऊब मिळाली. ओल गेली. धन्यवाद.’

शेवटी पाकळी पडली. डावी.

दुसऱ्या दिवशी यंत्रं घाटातून मागे गेली. गावाच्या वेशीवर आत्याने स्वतःच्या हाताने रंगवलेला फलक लावला: ‘गळकं गाव सडेकोंड आपलं स्वागत करत आहे.’ नितेशदादांनी खांब रोवला. तो त्यांनी कुठून आणला हे आत्याने विचारलं नाही.

मग ती आणि मी वरच्या राईत गेलो. मला सकाळी कुठे जायचं नव्हतं. बेहड्याखाली आम्ही मान वर करून उभ्या राहिलो. चोचीत उंबर धरून नर आला, खोडाला टेकला, फटीतून आतल्या चोचीने उंबर घेतला. दार बंदच होतं.

“बरं आहे तिचं,” आत्या म्हणाली. “आपलं आपण लावायचं, आपलं आपण फोडायचं.” तिच्या घरात आता नुसत्या दोऱ्या होत्या आणि त्यांवर साड्या. आपण तिथे धावूही शकतो, हे मला कालच कळलं होतं.

फोन वाजला. पाटगावचे सरपंच. आता जिल्ह्यात पहिले ते होते आणि यंत्रं त्यांच्याकडे वळली होती. रंगपंचमीपर्यंत काही जमेल का, असं ते विचारत होते. सडेकोंडपेक्षा जास्त गळायची त्यांची तयारी होती.

आत्याने फोन माझ्याकडून घेतला.

“चोरी शिकवायची गोष्ट नाही, सरपंच,” ती म्हणाली. “पण गाव दुपारचं झोपतं कसं, ते सांगायला माझी भाची येईल. तिला आता वेळ आहे.”